मुंडावळ्यांची जोडी

मुंडावळ्या बाजारात जोडीने मिळतात. एका पुठ्ठ्यावर दोन अडकवलेल्या असतात; मोत्यांच्या, सोनेरी मण्यांच्या, हल्ली खड्यांच्याही. कपाळावरून आडवी जाणारी सर, दोन्ही कानशिलांवरून गालांपर्यंत उतरणारे पदर, टोकाला गोंडे आणि डोक्यामागे बांधायची दोरी. त्यातली नवऱ्याची कोणती आणि नवरीची कोणती, असं विचारलं तर बहुतेक वेळा दुकानदाराला उत्तर देता येणार नाही, कारण तसा फरकच केलेला नसतो. लग्नघरातल्या दोनशे माणसांत आज लग्न कुणाचं आहे हे ओळखायची आपली खूण मात्र हीच. भरजरी शालू करवलीच्याही अंगावर असतो, शेरवानी नवऱ्याच्या धाकट्या भावानेही घातलेली असते. पण मुंडावळ्या बांधलेलं कपाळ दिसलं की विचारायला काही उरत नाही. मुंजीच्या बटूलाही त्या बांधतात, साठीच्या शांतीला आजी-आजोबा दोघांनाही बांधतात. ज्या माणसावर आज संस्कार होतो आहे त्याची ती खूण आहे. तो माणूस बाई आहे की पुरुष, याच्याशी तिला कर्तव्य नाही. दोन बायका किंवा दोन पुरुष एकमेकांशी लग्न करायला उभे राहतात, तेव्हा त्यांनी काय नेसावं, केस कसे बांधावेत, चेहरा कसा सजवावा, या प्रश्नाकडे मला याच मुंडावळीच्या वाटेने जायचं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की मराठी लग्नाचा साज एकेक वस्तू सुटी करून पाहिला, तर तो आधी ‘या दोघांचं लग्न आहे’ असं सांगतो. त्यातला नवरा कोण आणि नवरी कोण, हे तो त्यानंतर आणि बऱ्याच हलक्या आवाजात सांगतो. त्यामुळे दोघींपैकी एकीला नवरा बनवण्याची गरज नाही आणि परंपरा सोडून देण्याचीही नाही.

लग्न होण्याला मराठीत जे शब्दप्रयोग आहेत ते एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. दोनाचे चार हात होतात. माणूस चतुर्भुज होतो. बोहल्यावर चढतो किंवा चढते. डोक्यावर अक्षता पडतात. त्या चार हातांपैकी बांगड्यांचे किती, हे यातल्या एकाही प्रयोगाला विचारावंसं वाटलेलं नाही. आणि जोडी मोजायची वेळ येते तेव्हा मराठीजवळ असं काही आहे जे हिंदीच्या ‘दोनों’जवळ नाही. नवरा-बायको दोघं आली, दोन मित्र दोघे आले, दोन मैत्रिणी दोघी आल्या. दोन बायकांच्या जोडीसाठी भाषेने एक अख्खा, स्वतंत्र, रोजच्या वापरातला शब्द घडवून ठेवला आहे. भाषा सगळीकडे इतकी उदार आहे असं मी म्हणणार नाही. ‘कुंकवाचा धनी’ही तिचाच. पण ‘आमच्यात हे बसतच नाही’ असं म्हणणाऱ्याने ‘दोघी’ हा शब्द उच्चारून पाहावा.

तरीही प्रश्न येतो, आणि बहुतेक वेळा तो भल्या मनाने येतो. शिंपी माप घेताना विचारतो, मेकअप करणारी दर सांगताना विचारते, छायाचित्रकार जागा ठरवताना विचारतो: तुमच्यातली नवरी कोण? त्यांच्या धंद्याच्या वहीत दोन रकाने असतात आणि दोन्हींचे दर वेगळे असतात. मंडपाची सगळी दृश्यरचनाही एक झळाळणारी आकृती आणि शेजारी एक शांत आकृती अशीच बसवलेली असते. शालूची जर उठून दिसावी म्हणून शेजारची शेरवानी बदामी किंवा पांढरी. कायद्याच्या वहीतही तेच रकाने आहेत. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात वराचं वय २१ आणि वधूचं १८. १९५४च्या विशेष विवाह कायद्यात पुरुष आणि स्त्री. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने समलिंगी जोडप्यांना विशेष विवाह कायद्याखाली लग्न करू देण्यास नकार दिला, हे काम संसदेचं आहे असं सांगितलं, आणि जानेवारी २०२५मध्ये पुनर्विचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. मात्र त्याआधी, एप्रिल २०१९मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने एक वेगळी गोष्ट म्हटली होती. हिंदू विवाह कायद्यातला ‘वधू’ हा शब्द गोठलेला नाही, त्यात पारलिंगी स्त्रीही येते. एका उच्च न्यायालयाला जो शब्द ताणता आला, तो शिंप्याच्या वहीत ताणता येणार नाही असं मानण्याचं कारण नाही.

नवरा-नवरी असे दोन वेष पाडल्याशिवाय प्रेम दाखवताच येत नाही, या समजुतीची किंमत मराठी रंगभूमीने एकदा दाखवली आहे. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आलं. त्यातल्या सुमित्राला, म्हणजे मित्राला, आपलं मन नामा या मुलीकडे ओढ घेतं आहे हे उमगतं, ते कॉलेजच्या नाटकात तिच्यासमोर पुरुषाची भूमिका करताना. पुरुषाचे कपडे अंगावर असतानाच तिला ती ओढ उघड करण्याची मुभा आहे. ते उतरले की मुभाही संपते आणि पुढे नाटक तिला मृत्यूपर्यंत नेतं. चार दशकांनंतर एखाद्या मुलीला लग्नासाठी ‘तू शेरवानी घाल, म्हणजे लोकांना कळेल’ असं सांगितलं जातं, तेव्हा आपण तिला त्याच रंगमंचावर परत पाठवत असतो. ज्या वेषाची तिला स्वतःहून ओढ नाही तो तिने इतरांच्या सोयीसाठी चढवावा, ही मागणी सौम्य दिसते. पण लग्नाच्या दिवशी स्वतःचं प्रेम दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर करून घेणं, असा तिचा अर्थ होतो.

त्याच रंगभूमीने याच्या उलट पुरावाही ठेवला आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’मध्ये भामिनी आणि रुक्मिणी झाले, आणि त्यांच्या लुगड्याचे काठ, पदर घेण्याची तऱ्हा, अंबाड्यावरचा गजरा पाहून घरंदाज बायकांनी आपला साज ठरवला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी स्त्रीने कसं दिसावं याची अभिरुची एका पुरुषाच्या देहावरून घरोघरी गेली. नाटक म्हणजे संसार नव्हे, हे मला मान्य आहे. बालगंधर्वांच्या कौतुकातून कुणाला लग्नाचा हक्क मिळाला असंही नाही. पण शालू, नथ आणि गजरा या वस्तू विशिष्ट देहालाच चिकटून जन्माला येतात, हा दावा तरी त्यानंतर करता येत नाही. आणि नऊवारी नीट पाहिली तर ती धोतराची सख्खी बहीणच आहे. दोन्ही न शिवलेली, दोन्हींना पुढे निऱ्या, दोन्हींचा काष्टा पायांमधून घेऊन मागे खोचलेला. मराठी मंडपातली जुनी नवरी आणि जुना नवरा एकाच तत्त्वावर गुंडाळलेल्या दोन वस्त्रांत उभे असत. आज जो फरक आपल्याला अनादि वाटतो, तो बऱ्याच अंशी शेरवानी आणि लेहंगा शेजारी शेजारी ठेवल्यामुळे आलेला आहे, आणि ती दोन्ही वस्त्रं मराठी लग्नात अगदी अलीकडची पाहुणी आहेत. संगीत आणि मेहंदीचे वेगळे सोहळेही तसेच. ‘परंपरेत हे नव्हतं’ हा आक्षेप लेहंग्याला कुणी घेतला नाही. तो फक्त दुसऱ्या नवरीला घेतला जातो.

फेट्याचंही तसंच. गुढीपाडव्याच्या सकाळी गिरगावात आणि डोंबिवलीत शोभायात्रा निघते, तेव्हा नऊवारी नेसून, नथ घालून, डोक्याला भगवा फेटा बांधून मोटारसायकल चालवणाऱ्या बायकांचे फोटो दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर येतात. ढोलपथकांतल्या मुली फेटे बांधतात. त्यांच्यातला नवरा कोण, असं कुणी विचारत नाही. नथ आणि फेटा एकाच चेहऱ्यावर पाहायला आपले डोळे तयार आहेत. गेली कितीतरी वर्षं आपण त्याला टाळ्या वाजवतो आहोत.

आता प्रत्यक्ष मंडपात यावं, कारण तत्त्व कितीही पटलं तरी दोन शालू शेजारी उभे राहिल्यावर खऱ्या अडचणी सुरू होतात. नेहमीच्या लग्नात एक वस्त्र बोलतं आणि दुसरं ऐकतं. इथे दोन्ही बोलणार. दोघींनी एकाच लालभडक रंगाच्या, एकाच काठाच्या पैठण्या घेतल्या तर लांबून एकच मोठी आकृती दिसते आणि दोन माणसं हरवतात. दोघींनी एकमेकींशी मुळीच नातं नसलेले रंग घेतले तर त्या एकाच मंडपात चुकून आलेल्या दोन नवऱ्या वाटतात. यावर पैठणीनेच उत्तर दिलेलं आहे. अंग वेगळं, काठ एक. एकीचं हिरवं, दुसरीचं जांभळं, पण नारळी काठ दोघींचा, पदरावर मोर दोघींच्या. किंवा काठ-पदराचे रंग उलटसुलट, एकीचं अंग ते दुसरीचा काठ. येवल्यात मागावर सांगून विणून घ्यायचं असेल तर हे आधी ठरवावं लागतं, आणि त्यासाठी महिनोन्‌महिने हाताशी हवेत. नऊवारीत नेसणीचा फरकही कामाला येतो. एकीची ब्राह्मणी, दुसरीची पेशवाई नेसण, आणि वस्त्र एकसारखं असूनही चाल वेगळी दिसते. गाठीचा विचारही आधीच करावा. सप्तपदीला नेहमी उपरण्याचं टोक पदराच्या किंवा शेल्याच्या टोकाला बांधतात. इथे दोन्हीकडे पदर, दोन्ही डाव्या खांद्यावर, दोन्ही पिनांनी बसवलेले. पुढची चालू लागली की मागचीचा पदर ओढला जातो आणि रेशमाला भोक पडतं. त्यापेक्षा दोघींच्या खांद्यांवर हलका शेला घ्यावा आणि गाठ शेल्यांची मारावी. या सूचना क्षुल्लक वाटतील. पण लग्नाच्या दिवशी मान कुठे तुटते आणि पदर कुठे फाटतो हे ज्यांना कुणी आधी सांगितलेलं नसतं, त्या जोडीला प्रत्येक क्षुल्लक गोष्ट ‘तुमच्यासाठी हे बनलेलं नाही’ असं ऐकू येते. नवरा-नवरीसाठी हे ज्ञान आत्या-मावश्यांकडून आपोआप येतं. दोघींसाठी ते कुणीतरी जाणीवपूर्वक जमवावं लागतं, आणि त्या जमवण्यालाच मी संस्कृती म्हणतो.

केसांबाबतीत पहिली घाई होते ती आखूड केसांवर खोटा अंबाडा बसवण्याची. ज्या मुलीने वर्षानुवर्षं केस कापून ठेवले आहेत, ज्यांच्याशी तिच्या स्वतःविषयीच्या सगळ्या निश्चयाचं नातं आहे, तिच्या डोक्यावर लग्नाच्या सकाळी परका खोपा चढवला की आरशात दिसणारी बाई तिच्या ओळखीची राहत नाही. आखूड केसांवर मुंडावळी घसरते, ही खरी अडचण. ती कानांमागे दोन बारीक पिनांनी सुटते. मोठे झुबे घातले तर मुंडावळीचे पदर त्यांत अडकतात, तिथे मोत्याच्या कुड्या बऱ्या. नथ टोचलेल्या नाकाचीच हवी असं नाही, दाबाची चालते. आणि नथ एकीनेच घातली तर दुसरी कमी नवरी ठरत नाही. वेळेचा हिशेब मात्र कठोर आहे. एका चेहऱ्याला आणि केसांना मिळून दोन-अडीच तास लागतात. मुहूर्त सकाळचा असेल आणि सजवणारी एकच असेल, तर पहिलीचा चेहरा पहाटे तयार होऊन मुहूर्तापर्यंत शिळा होतो. आधी दोघींचे केस, मग दोघींचे चेहरे, असा क्रम लावावा किंवा सजवणाऱ्या दोघी घ्याव्यात.

चेहऱ्याच्या रंगावर मला जरा थांबायचं आहे, कारण इथे सौंदर्याचा प्रश्न सरळ न्यायाचा होतो. नवरीला उजळवायचं, ही आपल्याकडची सवय इतकी मुरलेली आहे की मेकअपचा पहिला थर त्वचेपेक्षा दोन छटा फिका निवडला जातो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. मान आणि हात सावळे, चेहरा पांढुरका. शेजारी पुरुष असतो तेव्हा त्याचा सावळा रंग कुणी पुसत नाही, म्हणून हा अन्याय एकाच चेहऱ्यावर होऊन दडून जातो. दोन नवऱ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांपैकी एक गोरी, एक काळीसावळी असेल, तर सजवणारीचा हात दोघींना एका छटेवर आणायला धावतो. तसं झालं तर सावळ्या मुलीचा चेहरा तिच्याच लग्नातून नाहीसा होतो. दोघींना दोन वेगळ्या छटा, आपापल्या मानेशी जुळणाऱ्या, हा आग्रह धरावा. आदल्या दिवशीच्या हळदीचा पिवळेपणा त्वचेवर उरलेला असतो, तोही झाकू नये. तो उरावा म्हणूनच तर हळद लावतात. काजळ, चंद्रकोर, होमाच्या धुरात न पसरणारी पापण्यांची रेघ, आणि गालावर काळी तीट. तीट नवऱ्यालाही लावतात, नवरीलाही. दृष्ट लागण्याच्या बाबतीत आपला समाज पहिल्यापासून समानतावादी आहे.

दोन नवरदेवांची अडचण उलटी. तिथे दोन्ही आकृत्या शांत. दोन बदामी शेरवान्या फुलांच्या भिंतीसमोर विरून जातात, आणि मग कुणीतरी सुचवतं की एकाने जरा ‘नवरीसारखं’ काही घालावं. गरज नसते. मराठी पुरुषाच्या वस्त्रात रंग होता. तो आपण विसरलो. सोवळ्याचे रेशमी कद आणि मुकटे गर्द किरमिजी, जांभळे, अबोली असत, पीतांबर तर नावातच पिवळा. जरीकाठी उपरणं, कानात भिकबाळी, गळ्यात कंठा, पगडी किंवा फेटा. दोघांनी रंगीत सोवळी नेसावीत, उपरण्यांची गाठ बांधावी, एकाने पुणेरी पगडी घ्यावी आणि दुसऱ्याने कोल्हापुरी फेटा. तळव्यावर मेहंदी हवी असेल तर काढावी. हळद तर नवऱ्याला नेहमीच लागते, आणि रीतीप्रमाणे तीच उष्टी हळद पुढे नवरीकडे जाते. दोन घरांतून दोन वाट्या निघाल्या आणि दोन्ही उष्ट्या होऊन अदलाबदल झाल्या, तर विधीचा जीव कुठे जातो? मला तर तो वाढतो असं वाटतं.

इथे एक आक्षेप मला माझ्याच म्हणण्यावर घेतला पाहिजे. ‘कुणालाही नवरा बनवू नका’ हा आग्रह स्वतःच एक गणवेश होऊ शकतो. अशा कितीतरी बायका आहेत ज्यांना साडी कधीच आपली वाटली नाही, ज्यांचा देह धोतर-अंगरख्यात किंवा सुटाबुटातच मोकळा श्वास घेतो. अशी मुलगी लग्नात फेटा बांधून, बंद गळ्याचा कोट घालून आली आणि तिची सखी शालूत आली, तर त्यांनी कुणाची नक्कल केली असं म्हणण्याचा अधिकार मला नाही. पारलिंगी पुरुषासाठी शेरवानी हा हट्टही असेल आणि अनेक वर्षांच्या प्रतीक्षेचं फळही. फरक वस्त्राचा नाही, ते कुणासाठी घातलं याचा आहे. ज्यात आपण आपल्याला ओळखतो म्हणून घातलेला फेटा वेगळा, आणि पाहुण्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून बांधायला लावलेला फेटा वेगळा. आरशासमोरचं माणूस हा फरक क्षणात सांगू शकतं. शिंप्याने आणि सजवणाऱ्यांनी तेवढा एक प्रश्न विचारायला हवा. ‘नवरी कोण?’ याऐवजी ‘तुम्हाला कशात बरं वाटतं?’

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो आपल्याच बाजूच्या माणसांकडून येतो. बाईला बांधून ठेवणाऱ्या ज्या खुणा, मंगळसूत्र, जोडवी, हिरवा चुडा, कुंकू, त्या आता दोन बायकांनी हौसेने अंगावर चढवायच्या, ही कसली मुक्ती? मला हा आक्षेप मोलाचा वाटतो, कारण तो साजातल्या सगळ्या वस्तू सारख्या नाहीत हे आपल्याला पाहायला लावतो. मुंडावळी, हळद, अक्षता, हार या संस्काराच्या खुणा आहेत. त्या दोघांना सारख्या मिळतात आणि कार्य झालं की उतरतात. मंगळसूत्र आणि जोडवी एकालाच मिळतात आणि आयुष्यभर राहतात. ती बाई कुणाची आहे हे सांगण्यासाठी घडलेली आहेत. दोघींच्या लग्नात ही दुसरी जातच उघडी पडते, कारण ‘कुणी कुणाला घालायचं?’ हा प्रश्न पहिल्यांदाच खरा प्रश्न होतो. काही जोड्या एकमेकींना घालतील आणि ती खूण देवाणघेवाणीची होईल, काही ती पेटीतच ठेवतील. दोन्ही निर्णय विचाराअंती झालेले असतील, आणि नेहमीच्या लग्नात हाच विचार करायची वेळ सहसा कुणावर येत नाही. वर्षानुवर्षं ज्यांना ‘तुमच्या नशिबी शालू नाही’ असं ऐकावं लागलं, त्यांनी शालू मागितला तर त्या मागणीला मागासलेपण म्हणणं मला निर्दय वाटतं.

विचारपूर्वक बदललेलं लग्न ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षअखेरीस त्याच्या पद्धतीने पहिलं लग्न लागलं, भटजीवाचून. जोतीराव फुल्यांनी त्यासाठी मंगलाष्टकं नव्याने रचली. त्यांत वधू स्वतःच्या तोंडाने स्त्रीजातीच्या हक्कांविषयी बोलते आणि वर तिला वचन देतो. मंगलाष्टकं राहिली, अर्थ पार बदलला. आणि रंगाविषयी बोलायचं तर १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला, त्यानंतरच्या बौद्ध विवाहांत नवरी पांढरी साडी नेसून उभी राहू लागली. पांढरं नेसलेली नवरी म्हणजे अपशकुन, ही धारणा आजूबाजूच्या सगळ्या समाजात घट्ट होती. ती एका पिढीच्या आत त्या मंडपांपुरती मोडली. नवरा आणि नवरी दोघंही शुभ्र वस्त्रांत, एका रंगात, ही दोन माणसं समान आहेत हे डोळ्यांना सांगणारं दृश्य महाराष्ट्रातल्या गावागावांत गेली कित्येक दशकं दिसतं आहे. कुणी म्हणेल, तिथे लाखोंचा समाज होता, इथे मूठभर जोड्या. खरं आहे. पण वस्त्राचा अर्थ माणसं ठरवतात, हे एकदा सिद्ध झालं की किती माणसं हा फक्त काळाचा प्रश्न राहतो.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. कायद्याने लग्नच नाही, मग शालूच्या काठाची एवढी चिकित्सा कशाला? आधी हक्क, मग हौस. हक्कांची निकड मी कमी लेखत नाही. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्र सरकारने समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडता येतं आणि एकमेकांना नामनिर्देशित करता येतं, असं स्पष्ट केलं. पण वारसा, दत्तक, निवृत्तिवेतन यांचं दार अजून बंदच आहे आणि कोणतीही पैठणी ते उघडू शकत नाही. मात्र हिंदू विवाहाबद्दल न्यायालयाचं स्वतःचं म्हणणंही ध्यानात घ्यावं. एप्रिल २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितलं की विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या कागदाने हिंदू विवाह होत नाही. लग्न घडवतात ते विधी. कागद त्याचा पुरावा. या दोघींना कागद नाकारलेला आहे. मग त्यांच्याजवळ उरतं ते विधी, साक्षीदार आणि त्या दिवसाचं दृश्य. ज्यांच्याकडे दाखला असतो त्यांचं लग्न साध्या कपड्यांतही लग्नच असतं. ज्यांच्याकडे तो नाही, त्यांच्या बाबतीत शंभर माणसांनी मुंडावळ्या बांधलेली दोन कपाळं पाहिली, हीच नोंद. म्हणून साज त्यांच्यासाठी हौसेच्या पलीकडचा आहे. २०१७च्या डिसेंबरअखेरीस यवतमाळात दोन पुरुषांनी आपल्या लग्नाचा सोहळा केला, त्याआधी तीस वर्षं मध्य प्रदेशात पोलीस दलातल्या दोन महिलांनी एकमेकींना वरलं आणि नोकऱ्या गमावल्या. कागद नसताना हे का करावंसं वाटलं, याचं उत्तर त्या सोहळ्यातच आहे: कुणीतरी पाहावं म्हणून.

आणि इथेच साजाची सगळ्यात अवघड बाजू समोर येते. मराठी लग्नात आपले कपडे आपण निवडतो, हे अर्धसत्य आहे. ते दिले जातात. गौरीहर पुजताना नवरी जी पिवळी अष्टपुत्री नेसते ती मामाकडून येते. शालू सासरकडचा. नवऱ्याचा पोशाख नवरीकडचा. बस्ता काढायला दोन्ही घरची माणसं गादीवर मांडी घालून बसतात, साडीवर साडी उलगडली जाते, विहीणबाईंच्या पसंतीला मान दिला जातो. त्या गादीवर कापडापेक्षा नाती जास्त उलगडतात. समलिंगी जोडी दुकानात जाते तेव्हा रंग आणि काठ यांहून मोठी उणीव असते ती गादीवरच्या रिकाम्या जागांची. सगळ्याच घरांत असं होतं असं नाही. लेकीसाठी दोन शालू घेऊन बसणारे आई-बाप आज आहेत. पण जिथे एक घर आलेलं नसतं, तिथे कितीही महागडी पैठणी पोरकी वाटते. यावर कपड्यांच्या निवडीतून जे करता येईल ते असं: देणारे शोधावेत. मामा नसेल तर मानलेला मामा चालतो, मराठीत ‘मानलेला’ हा शब्द त्याचसाठी आहे. कुणी मित्र अष्टपुत्री आणेल, कुणी शिक्षिका हिरवा चुडा भरेल, शेजारच्या आजी करवलीच्या हाती करा-दिवा देतील. दोघी नवऱ्या असतील तर दोन पिवळ्या साड्या, दोन मामा, दोन करवल्या. विकत घेतलेल्या दहा वस्तूंपेक्षा अशी दिलेली एक वस्तू अंगावर असावी.

मुंडावळीचंही तसंच आहे. तिची गाठ डोक्यामागे, मानेच्या वर येते; आरशात दिसत नाही आणि स्वतःच्या हातांनी नीट बसत नाही. सैल राहिली तर अक्षता पडताना सर भुवयांवर घसरते, घट्ट झाली तर कानशिलं दुखतात. कुणीतरी मागे उभं राहून, ‘लागत नाही ना?’ असं विचारत ती बांधावी लागते.